एकास सहा

एका सिमेंटला सहा वाळू,
कागदावर असं लिहिलंय.
कागद सुपरवायझरकडे असतो,
माझ्याकडे घमेलं.

रबाळ्याहून घणसोलीकडे जाताना
रुळांना लागून जी भिंत आहे
तिच्यातलं हे भगदाड
मी चौथ्यांदा बुजवतोय.
उंची माणसाच्या खांद्याएवढी, रुंदी
कडेवर पोर घेतलेल्या बाईएवढी.
डाव्या कडेच्या विटा गुळगुळीत झाल्यात
पदर घासून घासून,
उंबरठा झिजतो तशा.

वस्ती अलीकडे, कंपन्या पलीकडे.
पूल आहे, नाही असं नाही.
मी मोजलाय. चढायला एकसष्ट पायऱ्या,
उतरायला एकसष्ट,
आणि त्याच्या पायथ्याशी पोचायलाच
पंधरा मिनिटं उलटं चालायचं.
भगदाडातून गेलं तर चार रूळ,
पेटवलेली विडी विझायच्या आत पलीकडे.
गेटावर आठ वाजून पाच मिनिटं झाली
की अर्धा खाडा.
हे गणित पूल बांधणाऱ्याला कुणी घातलं नव्हतं.

काढलेल्या विटा कुठे जातात म्हणता?
या, दाखवतो.
तायड्यांच्या दारातली पायरी, ती माझी.
ते कोंबड्यांचं खुराडं, माझं.
सिलिंडर संपला की आमच्या घरी जी चूल मांडतात
तिच्या तिन्ही विटा रेल्वेच्या.

आता जे सांगायचं ते सांगतो.
गेल्या खेपेला, मार्गशीर्षात,
बायकोला सातवा महिना होता.
ती पलीकडे पॅकिंगला,
गोळ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारायला.
एकसष्ट आणि एकसष्ट.
खालचे थर मी नीट घातले, ओळंबा धरून,
आणि मधल्या दोन हात जागेत
एकास चौदा मिसळलं.
दिसायला भिंत भिंतच दिसली.
सुपरवायझरने फोटो काढून वर पाठवला.
अकराव्या दिवशी कुणीतरी लाथ मारली.
कोण, ते मी विचारलं नाही.
बायको तिथूनच जायची.
ती पलीकडे पोचेपर्यंत
मी अलीकडे कान देऊन उभा असायचो.
मुलगी झाली. आता मान धरायला लागलीय.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी
फुलाबाई तायडे तिथून निघाली.
घाईत नव्हती, ती कधीच नसायची.
ठाण्याकडून गाडी येताना तिने पाहिली,
भिंतीला टेकून थांबली,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
शेवटचा डबा गेला तसं पाऊल टाकलं.
त्या आवाजाच्या पोटात दुसरा आवाज होता,
पनवेलकडून येणारा.
गाडीमागे गाडी लपते
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.
फुलाबाईलाही होतं.

पोलिसांनी लिहिलं:
रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश.
म्हणजे चूक मेलेलीची.
मोटरमन, म्हणतात, ठाण्याला पोचल्यावर
बाकावर बसून राहिला,
पाण्याचा पेला नुसता हातात धरून.
त्याचं नाव तरी कागदात आहे.
माझं कुठेच नाही.
एकास चौदा कुणी लिहिलेलंच नाही.

रात्री मी स्वतःशीच वाद घालतो.
भिंत पक्की असती तर लोक वरून चढले असते,
नाहीतर पुढे वळणावर, जिथे गाडी दिसतच नाही,
तिथे दुसरं भोक पाडलं असतं.
खरं आहे.
पण ते भोक माझं नसतं.

आज एकास सहा, मोजून.
वर दोन थाप्या सिमेंट जास्तच.
चार थर राहिले होते,
तेवढ्यात फुलाबाईचा नातू येऊन
घमेल्याजवळ उभा राहिला.
काका, थोडं थांबा ना,
आई यायचीय अजून.

मी थापी हातात धरून थांबलो.
माल घट्ट व्हायला लागला.
भिंतीपलीकडे कंपनीचा भोंगा झाला,
आणि मग आम्ही दोघंही
काही न बोलता ऐकत राहिलो,
रूळ कुठल्या बाजूने वाजतायत.